सातव्या किनाऱ्याची नोंद

सोमवार, ४ फेब्रुवारी

आजपासून ही वही. कार्यालयीन नोंदवहीत जे लिहिता येत नाही, ते अन्यत्र लिहिले नाही तर पोटात राहून वायुविकार होतो, असे माझे स्वतंत्र संशोधन आहे.

वाचकाच्या, म्हणजे माझ्याच, माहितीसाठी: मी या शहराच्या पर्यटन माहिती केंद्रात वरिष्ठ साहाय्यक आहे. मुख्य किनाऱ्यावर जे अकरा फलक उभे आहेत, ‘भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ नये’पासून ‘वाळूत काच टाकू नये’पर्यंत, ते सर्व गद्य माझे. ताई त्याला माझे समग्र वाङ्मय म्हणते. प्रतिवर्षी लक्षावधी लोक ते वाचतात आणि खडकांवर जातात.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी ज्येष्ठ. नगरपालिकेच्या तरणतलावावर तिने अठ्ठावीस वर्षे पोहणे शिकवले. या शहरातील निम्मी प्रजा बुडत नाही, याचे श्रेय तिला आहे. मी उरलेल्या निम्म्यात मोडतो. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाल्यापासून ती माझ्याकडे राहते. माझी खोली तिला दिली आणि मी सोफ्यावर स्थलांतर केले, ज्याची लांबी माझ्यापेक्षा एक वीत कमी आहे. शस्त्रक्रियेचा तपशील येथे नोंदवीत नाही. वक्षस्थळाची डावी बाजू. जे काढावयाचे होते ते शल्यविशारदांनी पूर्णतः काढले. आता भय नाही. एवढे पुरे.

आज तपासणी होती. जखम उत्तम भरली आहे, परंतु डावा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, “पोहायला लागा. आत्ता हात मोकळा झाला तर झाला. अजून दोन-तीन महिने असेच घालवलेत तर तो असाच राहील.”

“बरं,” ताई म्हणाली. हा शब्द ती नकारार्थी वापरते, हे डॉक्टरांना ठाऊक नसावे.

परतताना मी विचारले, “उद्यापासून तलावावर जाऊ या?”

“तिथे क्लोरीन असतं.”

अठ्ठावीस वर्षे त्याच क्लोरीनमध्ये काढलेल्या व्यक्तीचे हे विधान आहे.

“मग समुद्र? आपल्या खिडकीखालीच तर आहे.”

“तिथे गर्दी असते.”

निदान मजजवळ सिद्ध आहे: गोंगाट. मुख्य किनाऱ्यावर तीन ध्वनिक्षेपक तीन वेगळी गाणी एकसमयावच्छेदेकरून वाजवतात. शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतू हळवे होतात, हे मी कुठेतरी वाचले आहे. तस्मात् ताईसाठी शांत किनारा शोधून काढीन. तीन ध्वनिक्षेपकांचे, या शहराचे आणि प्रसंगी माझ्या वरिष्ठांचे म्हणणे काहीही असो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

कार्यालयाची स्कूटर बाहेर न्यावयाची तर क्षेत्रभेट नोंदवहीत पाच रकाने भरावे लागतात: स्थळ, प्रयोजन, अंतर, निरीक्षण आणि भेट देणाऱ्याचा अभिप्राय. सव्वीस वर्षांत एकही रकाना रिकामा राहिलेला नाही, कारण इतरांनी रिकामे सोडलेले मी त्यांच्या मागे लागून भरून घेतो. प्रयोजन लिहिले: ‘शांत किनाऱ्यांचे सर्वेक्षण’. हे असत्य नाही. सर्वेक्षण आहेच. ते कोणासाठी, असा रकाना नाही.

ध्वनिमापक यंत्रही सोबत घेतले. कपाटात दोन वर्षे पडून होते.

पहिला किनारा, उत्तरेस चार किलोमीटर. ध्वनी अठ्ठेचाळीस डेसिबल, म्हणजे आमच्या कार्यालयात दुपारी जेवणानंतर असतो तितका. मी विजयी मुद्रेने यंत्र ताईपुढे धरले. ती स्कूटरवरून उतरलीसुद्धा नाही. वरच्या कड्यावर एका चहावाल्याची गच्ची होती, तिकडे बोट केले.

“पंडिता, त्या खुर्च्या बघ.”

“खुर्च्या आवाज करत नाहीत, ताई.”

“हो ना,” ती म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

रविवार, १० फेब्रुवारी

आज दोन किनारे.

दुसरा: बेचाळीस डेसिबल. संपूर्ण निर्मनुष्य, एक चित्रकार वगळता. तो तिकाटीवर फळा ठेवून समुद्र रंगवीत होता. बोलत नव्हता, गुणगुणत नव्हता, खोकतही नव्हता. इतका निःशब्द मनुष्य मी आजवर पाहिला नाही. ताईने किनारा नापसंत केला.

तिसरा: चाळीस. येथे पक्षीनिरीक्षकांचा समूह दुर्बिणी लावून बसला होता. हे लोक कुजबुजण्यासही अपराध मानतात. ताई म्हणाली, “चल, ऊन लागतंय.”

“ते पक्ष्यांखेरीज काहीही पाहत नाहीत,” मी म्हणालो. “त्यांच्या मंडळाच्या घटनेतच तसं असेल.”

“त्यांच्या घटनेत असेल. डोळ्यांत असतंच असं नाही.”

ताईचा स्वभाव हल्ली किंचित दुराराध्य झाला आहे. औषधांचा परिणाम असावा.

बुधवार, १३ फेब्रुवारी

चौथा आणि पाचवा. दोन्ही फेटाळले गेले. पाचव्यावर एक गृहस्थ उडता कॅमेरा आकाशात सोडून खाली वाळूत झोपले होते. यंत्राचा आवाज डासाहून अधिक नाही. मी हेल्मेट काढेपर्यंत ताई पुन्हा मागच्या आसनावर बसलेली.

मनात शंका येते, तिला पाण्याचेच भय बसले की काय. परंतु काल रात्रीचे पातेले विसळताना ती नळाखाली दोन्ही हात कोपरापर्यंत धरून बराच वेळ उभी होती, भांडे कधीच स्वच्छ झाले होते तरी.

आणखी एक. न्हाणीघरातील आरशावर ती आठवडाभर टॉवेल टाकून ठेवते. आरशास बाष्प लागू नये ही तिची काटकसरी दृष्टी स्तुत्य आहे, परंतु मला दाढी स्वयंपाकघरातील स्टीलच्या डब्यात पाहून करावी लागते.

रविवार, १७ फेब्रुवारी

सहावा किनारा उल्लेखनीय नाही. तेथे एक लग्नाचे छायाचित्रण चालू होते.

परतताना इंधन कमी म्हणून आडरस्ता धरला. शीतगृहासाठी समुद्राचे पाणी खेचणारे पंपघर तेथे आहे. तीन पंप, अहोरात्र चालू. पलीकडे खडकांच्या दोन भिंतींमध्ये वाळूचा एक तुकडा, आमच्या कार्यालयाच्या सभागृहाएवढा. पंपघराच्या भिंतीला एकही खिडकी नाही. ध्वनिमापकाचा आकडा एक्याण्णव. माझ्या तोंडातला शब्द माझ्याच कानापर्यंत पोचेना. ‘मानवी वास्तव्यास सर्वथा अयोग्य’ असे वाक्य मनात जुळवीत होतो, तोच ताईने खांद्यावर थाप मारली.

ती ओठ हलवीत होती. मी कान पुढे केला.

“इथे,” ती ओरडली.

“काय इथे?”

“इथे पोहणार. पाठ कर.”

मी पाठ केली. वीस मिनिटे पंपघराच्या भिंतीचे अवलोकन केले. तिच्यावर शेवाळाचे दोन प्रकार आढळतात. मध्येच पायाला पाणी लागले. भरतीची लाट होती. दचकून मागे वळणार होतो, पण शब्द दिला होता.

नंतर समोर आली तेव्हा केस ओले, ओठ निळे, आणि अंगावर माझा जुना रेनकोट गळ्यापर्यंत बंद. घरी येऊन तिने दोन ऑम्लेटे खाल्ली आणि माझ्या ताटातल्या तिसऱ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मी ते स्वेच्छेने दिले.

“त्या गोंगाटात तुला काय आवडलं?” मी विचारले.

“तिथे कोणी बघत नाही.”

मला यातून अर्थबोध झाला नाही. परंतु नोंदवहीतला शेवटचा रकाना भरावयाचा होता आणि असे सुबक वाक्य मला सुचले नसते. अवतरणचिन्हांत जसेच्या तसे उतरवले.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

अकरा दिवस लिहिले नाही. सुखात माणूस लिहीत नाही. सूर्योदयापूर्वी निघून रोज पंपघर. मी भिंतीशी, ताई पाण्यात. आज तिने डावा हात कानापर्यंत नेऊन दाखवला. मग त्याच हाताने कानामागचे केस मागे सारले, जणू हात कधी थांबलाच नव्हता.

शेवाळाचा तिसरा प्रकारही सापडला.

रविवार, ३ मार्च

आज पंपघरापाशी त्रेचाळीस माणसे होती. मोजली, कारण दुसरे काही करता येत नव्हते. खडकावर जोडपी, वाळूत चटया, एक छत्री. एका टोळीने स्वतःचा ध्वनिक्षेपक आणला होता. तो पंपांपुढे हरला, तेवढेच समाधान. लोक त्या खिडकीविहीन भिंतीसमोर उभे राहून फोटो काढत होते.

ताई स्कूटरवरून उतरली नाही. शेजारच्या एका बाईंना तिने विचारले, “आज काय आहे इथे?”

बाईंनी फोन पुढे केला. “हे काय, सगळीकडे फिरतंय. शहराजवळचे सात शांत किनारे. सातवा तर भारीच आहे.”

आमच्याच केंद्राचे बोधचिन्ह. खाली माझी सातही निरीक्षणे, अल्पविरामांसकट. सातव्याचा मथळा: ‘तिथे कोणी बघत नाही.’

ताईने तो दोनदा वाचला असावा. फोन परत देताना ती बाईंना धन्यवाद म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

“हे माझं वाक्य आहे.”

“अभिप्रायाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,” मी म्हणालो.

परतीचा रस्ता सात किलोमीटरचा. स्कूटरवर मागे बसलेले मनुष्य कुठे धरते, खांदा की आसन, यावरून बरेच कळते. आज आसन.

सोमवार, ४ मार्च

संचालिकांच्या दालनात गेलो. वयाने माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, हुशार, आणि मला ‘सर’ म्हणतात, ज्यामुळे त्यांच्याशी भांडणे कठीण होते.

“मॅडम, तो सातवा किनारा यादीतून काढावा.”

“सर, आपल्या केंद्राचं आजवर कुणी काही वाचत नव्हतं. हे तुमचं अठ्ठावीस हजार लोकांनी वाचलं. नोंदवही चाळताना मला वाटलं, अरे, हे इथे का पडलंय? काढायचं कारण काय देऊ?”

“कारण वैयक्तिक आहे.”

“सरकारी नोंदवहीत वैयक्तिक काय असेल?”

सव्वीस वर्षे या शहरास काय करू नये हे मी लिहून सांगत आलो. त्या क्षणी मला एक वाक्य सुचले नाही. घसा खाकरला आणि बाहेर आलो.

परंतु पराभव मान्य करणारा मी नव्हे. वाटेत रंगाच्या दुकानात थांबलो. पत्रा घरी आहे. उद्या पंपघराशी नवा फलक उभा राहील: ‘सावधान. पाण्यात विद्युत्प्रवाह. प्रवेश करणाऱ्याच्या जिवास धोका.’ माझ्या आयुष्यातले हे पहिले असत्य गद्य. भाषा मात्र निर्दोष आहे.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी उठलो तो ताई जेवणाच्या टेबलापाशी उभी. पत्रा तिथेच वाळत ठेवला होता.

“हे काय?”

“तुझ्यासाठी. आठवड्यात रिकामा होईल तो किनारा.”

“आणि उद्या खरंच कुठे पाण्यात वीज उतरली, तर तुझा बोर्ड कोण मानेल?”

“असाही कोणी मानत नाही.”

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. “पंडिता, मला आवाजाचा त्रास आहे असं तुला कुणी सांगितलं?”

“गर्दी म्हणालीस ना.”

“अठ्ठावीस वर्षं मी शिट्टी फुंकली. साठ पोरं एकदम किंचाळायची. मला आवाजाचा त्रास?”

“मग?”

“बघण्याचा.”

मी म्हणालो, “पण मी तर कधी तुझ्याकडे...”

“तू तर चार महिने माझ्या कपाळाशी बोलतोयस. चहा घेशील का, कपाळाला विचारतोस. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी आलास आणि सलाइनच्या बाटलीला म्हणालास, बरं वाटतंय ना.”

हे खरे आहे. ती बाटली मला आठवते. तिच्यावरचे लेबलही आठवते. मी ते तीनदा वाचले होते.

“मला वाटलं, तुला संकोच वाटू नये,” मी म्हणालो. आणि म्हणताना कळले की संकोच कोणाचा होता.

ताईने पत्रा उलटा केला. “लोकांना खोटं सांगून मला जागा करून देऊ नकोस. आणि मला ते पहाटे उठून चोरासारखं जाणंही पुरे झालं. मी काय पळवलंय कुणाचं? माझंच गेलंय.”

“मग कुठे पोहणार?”

“खिडकी उघड,” ती म्हणाली.

उघडली. तीन ध्वनिक्षेपक, तीन गाणी.

“रविवारी,” ताई म्हणाली. “अकरा वाजता. भरपूर गर्दी असू दे.”

गुरुवार, ७ मार्च

पुन्हा संचालिकांकडे गेलो. या वेळी उभ्या उभ्या, खाकरण्यापूर्वीच, म्हणालो, “मॅडम, माझ्या बहिणीचा डावा स्तन काढला आहे. ती लोकांच्या नजरेआड पोहत होती. ती जागा तुम्ही छापलीत आणि ते वाक्य तिचं होतं. चूक माझी आहे.”

‘स्तन’ हा शब्द मी यापूर्वी मोठ्याने कधी उच्चारला होता, ते आठवत नाही. दालनाचे दार उघडे होते. बाहेरचा टंकलेखक थांबला. थांबू दे.

संचालिकांनी लेखणी खाली ठेवली. “सर, आत्ता काढते यादीतून.”

“नको. ती म्हणते, राहू द्या. त्या त्रेचाळीस लोकांनाही कुठेतरी जायचं असेल.”

“मग मी काय करू?”

“नोंदवही द्या.”

आठवी नोंद केली. स्थळ: मुख्य किनारा. प्रयोजन: पोहणे. अंतर: शून्य. निरीक्षण: ध्वनी असह्य, प्रेक्षक असंख्य, एकांत नाही. तरीही शिफारस करीत आहे. अभिप्रायाचा रकाना रिकामा सोडला. टंकलेखकाने तो दाखवून दिला. मी म्हणालो, “असू दे.”

रविवार, १० मार्च

अकराला पाच कमी असताना ताई खाली उतरली. अंगात तिचा तलावावरचा जुना काळा पोशाख. दवाखान्यातून मिळालेली स्पंजची उशी, जी आत घालून दोन्ही बाजू समान दिसाव्यात अशी योजना असते, ती तिने घरीच ठेवली. डावी बाजू सपाट, आणि काखेकडे गेलेला व्रण पोशाखाबाहेर स्पष्ट दिसत होता. मी पाहिला. पाहून मग तिच्या डोळ्यांकडे पाहिले. हा क्रम मी ठरवून ठेवला होता.

लोक बघत होते. नाही असे लिहिणार नाही. एका गृहस्थांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवले, अधिक चांगले दिसावे म्हणून. एक सहासात वर्षांची मुलगी वाळूचा डबा हातात घेऊन समोरच उभी राहिली. “आई, या आजींचं एक कुठेय?”

आई लाल झाली. “गप्प बस ना.”

“विचारू दे,” ताई म्हणाली. “आजारी पडलं होतं, काढून टाकलं. तुला पोहता येतं?”

“नाही.”

“मग आधी ते शिक. बाकीचं नंतर विचार.”

ती पाण्यात शिरली. लाटेखालून गेली आणि पलीकडे निघाली. उजवा हात, डावा हात. डावा थोडा आखूड पडत होता, तरी पडत होता.

एका इसमाने फोन उंच धरला. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मनात ‘महोदय, आपले हे वर्तन’ इथून प्रारंभ करण्याचे होते.

“फोन खाली घे,” मी म्हणालो.

“का? कुठे लिहिलंय फोटो काढू नये म्हणून?”

प्रश्न कायदेशीर होता. अकरा फलकांत तसे वाक्य नाही, हे मजहून अधिक कोणास ठाऊक?

“लिहिलेलं नाही,” मी म्हणालो. “म्हणून मी उभा आहे.”

तो डावीकडे सरकला, मी डावीकडे. तो उजवीकडे, मी उजवीकडे. माझ्या आकारमानाचा सार्वजनिक हितार्थ असा उपयोग प्रथमच झाला. अखेरीस त्याने काही तरी पुटपुटत फोन खिशात घातला.

तेवढ्यात जीवरक्षकाने शिट्टी फुंकली. ताई लाल झेंड्यांच्या पलीकडे गेली होती. तो, सहा फूट उंचीचा, धावत माझ्याकडे आला. “काका, बाईंना परत बोलवा ना. हद्द ओलांडली त्यांनी.”

“तू बोलव. अधिकार तुझा आहे.”

“मी? मला त्यांनीच शिकवलंय. मी रडत होतो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, रडायचं तर पाण्यात रड, आणि ढकललं.”

“मग आपण दोघे वाट पाहू,” मी म्हणालो.

आम्ही वाट पाहिली. ती तिच्या मर्जीने गेली आणि तिच्या मर्जीने परत आली. किनाऱ्याला लागताच जीवरक्षकाला म्हणाली, “शिट्टी पोटातून फुंक. गळ्यातून फुंकतोस, म्हणून पलीकडे ऐकू येत नाही.”

“ऐकू आली होती का, बाई?”

“आली होती.”

मग ती गोड्या पाण्याच्या नळापाशी रांगेत उभी राहिली. मी तिच्या मागे, बूट-मोज्यांसह. पुढच्या बाई, माझ्याच वयाच्या, पूर्ण कपड्यांत, पाय धुऊन वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. ताईच्या व्रणाकडे बघत. रांग थांबली. मी पुढे होण्याच्या बेतात होतो, पण ताईने हात मागे करून मला थोपवले. डावा हात.

“बघून झालं की सरका हं,” ती म्हणाली. “डोळ्यांत मीठ गेलंय.”

बाई सरकल्या. पण गेल्या नाहीत. ताई तोंड धुईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. मग त्यांनी विचारले, “पाणी फार गार आहे का हो?”

“या नळाचं?”

“नाही. समुद्राचं.” आणि अगदी हळू, की मला जेमतेम ऐकू आले, “माझं उजवं काढलंय. तीन वर्षं झाली.”

ताईने नळ बंद केला.

“उतरून बघा,” ती म्हणाली. “मी आहे इथे दुपारपर्यंत.”